ओढ्याची नोंद, भाग ७: दगडाखालची जागा

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की मळ्या हा मासा ओढ्यात कुठे सापडेल हे पाण्याच्या तापमानावरून सांगता येतं. ते मागे घेतो. त्यातले निम्मे आकडे तापलेल्या कातळावर ठेवलेला थर्मामीटर पाण्यात बुडवून लगेच वाचल्याचे होते. घरी बर्फाच्या पाण्यात तपासला तर बरोबर ० दाखवतो. म्हणजे थर्मामीटर शहाणा आहे, घाई माझी होती. आता दोन मिनिटं बुडवून ठेवतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ओढा पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याकडचा, उंची साधारण ७०० मीटर, तळ काळ्या कातळाचा. दीड किलोमीटरमध्ये पाच जागा धरल्या आहेत. वरचा कातळातला खळगा, त्याखाली दोन खळाळ (दगडांवरून उथळ धावणारं पाणी), मग जांभळाखालचा डोह आणि शेवटी सिमेंटच्या बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी. नेमका पत्ता देणार नाही. एकदा दिला होता, तर पुढच्याच महिन्यात तिथे प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन मंडळी हजर.

वेग मोजायला अजूनही लिंबूच वापरतो. पाच मीटर दोरी ताणायची, लिंबू सोडायचं, घड्याळ लावायचं. पाच फेऱ्यांची सरासरी काढून ०.८५ ने गुणायचं, कारण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं. वाडीतल्या पोराने विचारलं, "काका, सरबताला आणलंय व्हय?" आता तोच घड्याळ धरतो, आणि माझ्यापेक्षा नेमकं धरतो.

खरी गोष्ट दोन खळाळांची. दोन्हींचा उतार जवळजवळ सारखा, वेग सारखा, तापमानात अर्ध्या अंशाचा फरक, विरघळलेला ऑक्सिजन दोन्हीकडे लिटरला सात मिलिग्रॅमच्या वर. कागदावर जुळी भावंडं. पण फेब्रुवारीत वरच्या खळाळात २० दगड उचलले तेव्हा पट्ट्यांच्या ११ मुऱ्या (दगडाखाली राहणारा छोटा मासा, शिस्टुरा डेनिसोनी) निघाल्या. खालच्यात २० दगडांना एक. वाटलं, दिवस वाईट होता. मार्चमध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा आठ आणि शून्य.

उत्तर डोळ्यांना नाही, हाताला मिळालं. वरच्या खळाळातला दगड धरला की सहज सुटतो, खाली बोट जाईल एवढी पोकळी असते. खालचे दगड उपसून काढावे लागत होते, जणू कुणी गिलाव्यात बसवलेत. दोन्हींच्या मधे डाव्या काठावर नवा रस्ता कापलाय आणि दोन पावसाळ्यांचा मुरूम वाहून खालच्या फटींत जाऊन बसलाय. मुरीचं घर म्हणजे ती फटच. तिचं खाणं, म्हणजे मेफ्लाय या किड्याच्या अळ्या, त्याच फटींत असतं. खड्यांत घातलेल्या अंड्यांनाही मधून वाहतं पाणी लागतं. तापमान, सामू, ऑक्सिजन यांचे रकाने मी वर्षभर भरत होतो. 'दगड किती रुतलाय' हा रकानाच माझ्या वहीत नव्हता. आता आहे. प्रत्येक दगडाला सुटा, अर्धा रुतलेला किंवा पूर्ण रुतलेला अशी खूण करतो. तुम्हीही करा, फुकटात होतं. मात्र उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

मळ्याचं तितकं अडलेलं नाही. तो दगडाखाली राहत नाही, दगडावर राहतो. हनुवटीखालच्या चकतीने धारेत धरून बसतो आणि शेवाळ खरवडतो. खालच्या खळाळात तोही कमी झालाय, कारण शेवाळावर मुरमाची साय धरते, पण आहे. जाता जाता सांगतो, साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं देताना पुष्कळदा आपल्या नदीकाठची नावंच उचलली. गारा मुल्ल्यामधला 'मुल्ल्या' म्हणजे आपला मळ्या.

मे महिना. धार तुटली. दोन्ही खळाळ कोरडे, आणि जे काही जगायचं ते डोहात किंवा बंधाऱ्यामागे. दुपारी तीनला बंधाऱ्यामागे पाणी ३२ अंश, ऑक्सिजन १०. ३० अंशाचं पाणी समुद्रसपाटीलाही साडेसातच्या आसपासच ऑक्सिजन धरतं, मग हा आकडा आला कुठून? हिरव्या शेवाळाने उन्हात बनवलेला. म्हणून रात्री वाडीतच मुक्काम केला आणि पहाटे साडेपाचला पुन्हा मोजलं: २. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खात बसलेलं. दुपारी मोजून घरी जाणाऱ्याला ओढ्यातलं सगळ्यात उत्तम पाणी हेच वाटलं असतं. तिथे त्या वेळी दिसले फक्त तिलापिया, आणि मरळीचा छोटा भाऊबंद चन्ना गाचुआ, जो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि ऑक्सिजनच्या आकड्याची फिकीर करत नाही.

जांभळाखाली त्याच पहाटे ऑक्सिजन ५, पाणी २५ अंश. सावली आहे, आणि काठाच्या कातळातून बारीक झरा झिरपतो. देवारिओ, रासबोरा, पुंटिअस हे छोटे मासे, मळ्या, मुऱ्या, सगळी बिऱ्हाडं त्या खोलीएवढ्या डोहात दाटीवाटीने. ऑक्टोबरात जे मासे दीड किलोमीटरभर पसरलेले दिसतात ते इथून निघालेले असतात असा माझा आता अंदाज आहे. जांभूळ कुणी तोडलं तर ऑक्टोबरचे माझे सगळे रकाने बदलतील.

आता वाट जूनची. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे खालून येतील आणि बंधाऱ्याच्या मीटरभर उंच भिंतीशी थटतील. देवारिओ उडी मारून पाहील. मला बघायचंय ते मळ्याचं: ओल्या भिंतीला चकती लावून तो वर सरकतो का? दोन रात्री बसायचं ठरवलंय. बॅटरीला लाल कागद चिकटवून झालाय. रेनकोट तेवढा उंदराने कुरतडलाय.