सात नंबरचा दगड

पहाटे पावणेपाचला खडपावर, म्हणजे समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा आधी वास आला. ओहोटीच्या खडपाला वास असतोच, शेवाळाचा आणि ओल्या मिठाचा. हा तो नव्हता. काहीतरी कुजत होतं.

खडपावरचे जीव मोजण्याचं आमचं काम लांबून रमणीय दिसतं. प्रत्यक्षात ते कंबरेचं काम आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांत उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते आणि खडपाचा तळचा पट्टा जेमतेम दोन तास उघडा पडतो. ते दोन तास अंधारात आले तर अंधारात जायचं. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आमची झोप चंद्राच्या हातात. अर्धा मीटर बाजूची चौकट टाकायची, आतली बार्नेकल्स (दगडाला कायमचे चिकटलेले कवचवाले जीव) आणि टोपीसारख्या शंखाची लिंपेट मोजायची, शेवाळाने किती जागा व्यापली ते लिहायचं, पुढे सरकायचं. हल्ली ड्रोनने वरून फोटो काढायची टूम निघालीय. काढा. दगडाच्या खाली काय आहे ते ड्रोनला विचारा.

कारण खरी वस्ती खालीच असते. दगडाच्या वरच्या अंगावर ऊन सोसणारे राहतात: शेवाळ, बार्नेकल्स, शेवाळ खरवडून खाणारी लिंपेट. खालच्या अंगावर ज्यांना ऊन सोसत नाही ते सगळे: केशरी-जांभळे स्पंज, पिशवीसारखे ॲसिडियन, चिटकून बसलेले नळकिडे, नखाएवढे चपटे पोर्सेलिन खेकडे, हात लावताच बाहूचा तुकडा टाकून पळणारे ब्रिटल स्टार, तारामाशाचे भाऊबंद. म्हणजे एकाच दगडावर दोन गावं, आणि दगड उलटा राहिला की दोन्ही उठतात. एक उन्हाने, दुसरं अंधाराने.

अशा 24 दगडांवर आम्ही नंबर लावलेत. दर तीन महिन्यांनी एकेक उचलायचा, खालचा फोटो काढायचा, मोठे प्राणी हलकेच बाजूला घ्यायचे (नाहीतर ठेवताना चिरडतात) आणि दगड होता त्याच खोबणीत, होता तसाच बसवायचा. मग बाजूला काढलेले प्राणी कडेला सोडायचे. ते आपले आपण खाली शिरतात. याला वेळ लागतो. मला या बसवण्याचा अभिमान आहे, उगाच नम्रपणा कशाला.

त्या पहाटे 24 पैकी 17 दगड पोट वर करून पडले होते.

नंबरांच्या पट्ट्या वरच्या अंगावर असतात, म्हणजे त्या आता खाली. कुठला दगड कुठला, हेच कळेना. जुने फोटो काढून, भेगा जुळवत अर्धा तास गेला. ओहोटी काही आपल्यासाठी थांबत नाही. स्पंज राखाडी पडले होते, वास त्यांचाच.

सातव्याच्या पोटाला गोबी माशाची अंडी होती. हा मासा अंडी दगडाच्या छताला एका थरात चिकटवतो आणि नर खाली बसून परांनी त्यांच्यावर पाणी वारत राहतो. बहुतेक अंडी खाल्ली गेली होती. नखाएवढा तुकडा उरला होता, त्यात पिल्लांचे चंदेरी डोळे टॉर्चच्या उजेडात चमकत होते. आणि दगडाच्या मूळ खोबणीत, ओंजळभर पाण्यात, नर बसून होता. वर छत नाही, तरी हलत नव्हता.

"ताई, सरळ करू या?" सहाय्यकाने विचारलं.

नियम सांगतो, करायचं नाही. जे घडलं ते नोंदवायचं. सरांना फोन लावला. झोपेतून उठूनही ते उत्साहात: "हात लावू नका! आयता प्रयोग मिळालाय." शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर होतं. राग त्याचाच आला.

सोळा दगड तसेच ठेवले. सातवा मी सरळ केला. आधी पाण्यात बोटं घालून नराला कडेला ढकललं, तो पुन्हा मध्ये आला, पुन्हा ढकललं. दगड पहिल्यासारखा बसला नाही, एक कोपरा उचललेलाच राहिला. फॉर्मवर लिहिलं: "17 उलटे, 1 पूर्ववत." सरांनी त्या एकाभोवती लाल गोल केलाय. सातवा आता डेटातून बाद.

हे कोणी केलं, ते चार दिवसांनी कळलं. महिनाभरापूर्वी सहाय्यकाने माझा एक व्हिडिओ टाकला होता: मी दगड उचलते, खालचे रंग दाखवते. खूप पाहिला गेला. त्याखाली एका कुटुंबाने लिहिलं होतं की आम्हीही जाऊन आलो, मुलांनी एकही प्राणी घरी नेला नाही, कचरा केला नाही. सोबत फोटो. हसरी मुलं, मागे पोट वर केलेले दगड. त्यांना काय बोलायचं? माझंच पाहून ते शिकले होते.

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. 40 सेकंदांचा. दगड वर जातो, रंग दिसतात, संपतो. परत ठेवण्याचा भाग कुठाय, विचारलं. "कापला, ताई. तिथे लोक सोडून जातात."

मूळचा सबंध व्हिडिओ टाकायला लावला, पावणेतीन मिनिटांचा. त्यात पावणेदोन मिनिटं मी पाठमोरी, ओणवी, दगड बसवत असते.

"लांबट वाटतो," तो म्हणाला.

वाटतो खरा.