तुम्ही विचारलंत म्हणून: म्युनिकला आलं की हिटलरचं काय काय बघता येईल?

म्युनिकला राहायला लागून आता तेरा वर्षं होतील. या तेरा वर्षांत घरी जेवढे पाहुणे येऊन गेले त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी व्हिसा हातात पडायच्या आधीच व्हॉट्सॲपवर एक प्रश्न विचारलाय, तिथे हिटलरचं काय काय बघता येईल? कोणी जरा दबकत विचारतं, कोणी राजवाड्याची वेळ विचारावी तितक्या सहज. आणि तेवढ्याच वेळा उलटा प्रश्नही येतो, बहुतेक आत्या-मावश्यांकडून, की असल्या माणसाच्या जागा बघायला जायचंच कशाला, तुला बघवतं तरी कसं? दोघांनाही मी आजवर तुटक तुटक उत्तरं देत आले, म्हणून आज जरा नीट लिहिते.

जायचं. पण आधी कुठे जायचं यावर मी अडून बसते, आणि त्याला कारण आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात बाबांचे एक मित्र आणि काकू आले होते. काका रिटायर्ड इंजिनिअर, अतिशय प्रेमळ माणूस, मला सायकल त्यांनी शिकवलेली. त्यांच्याकडे एकच दिवस मोकळा होता म्हणून मी त्यांना थेट ओबरझाल्त्सबर्गला नेलं, आल्प्समध्ये, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून, आणि तिथून बसने वर ईगल्स नेस्टला, म्हणजे डोंगराच्या टोकावर हिटलरसाठी बांधलेल्या घराला. जागा विलक्षण सुंदर आहे, त्यात वादच नाही. कड्याकड्याने वळणं घेत बस वर जाते, मग डोंगराच्या पोटात बोगदा, मग पितळेने मढवलेली लिफ्ट, १२४ मीटर सरळ वर, आणि बाहेर पाऊल टाकलं की १८३४ मीटर उंचीवर चहूकडे नुसते डोंगर. आता तिथे रेस्टॉरंट आहे. हिटलर स्वतः वर फारसा जायचाही नाही, त्याचा मुक्काम खाली बेर्गहोफ नावाच्या घरात असायचा. त्या घरावर २५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि उरलेलं १९५२ मध्ये सुरुंग लावून पाडलं, आता झाडीत मागची एक भिंत तेवढी शिल्लक आहे. हे सगळं मी सांगत होते आणि काका समोरच्या डोंगरांकडे बघत होते. परतीच्या ट्रेनमध्ये म्हणाले, "काही म्हण पोरी, माणूस रसिक होता. आणि शिस्त होती. आपल्याकडे असा एक पाहिजे होता."

हे वाक्य मी पुण्यात किती वेळा ऐकलं असेल, लग्नाच्या पंगतीत, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षात, आणि त्याचं आत्मचरित्र तर फुटपाथवर यशस्वी व्हायच्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं, मराठीतसुद्धा. पण त्या दिवशी मला ते फार लागलं. कारण मी काकांना दिवसभर नुसता देखावा दाखवला होता, आणि तो देखावा तेव्हासुद्धा ह्याचसाठी वापरला गेला होता. बेर्गहोफच्या गच्चीवर कुत्र्याबरोबर हिटलर, छोट्या मुलीचा हात धरलेला हिटलर, त्याचा फोटोग्राफर हाइनरिश होफमान असे फोटो काढायचा आणि त्यांची पोस्टकार्डं, पुस्तकं घरोघरी खपायची. त्याच घरात बसून युद्धाचे आणि माणसं मारायचे निर्णय व्हायचे. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना आधीच घरं सोडायला लावलेली होती. हे सगळं सांगणारं डॉक्युमेंटेशन सेंटर तिथेच आहे, १९९९ पासून, खाली बंकरच्या बोगद्यांतही उतरता येतं, आणि आम्ही वेळ नाही म्हणून नेमकं तेच सोडलं होतं.

तेव्हापासून माझ्या घरचा नियम ठरला. आधी डाखाऊची छळछावणी, मग बाकीचं.

डाखाऊ म्युनिकला इतकं जवळ आहे की लोकांना धक्काच बसतो. एस२ लोकल पकडायची, वीस-पंचवीस मिनिटांत डाखाऊ, मग ७२६ नंबरची बस. तिकीट नाही. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला, आणि ही छळछावणी सुरू झाली २२ मार्चला, म्हणजे पुरते दोन महिनेही झाले नव्हते. आणि चोरून नाही हं, म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हिमलर याने रीतसर जाहीर केलेलं, आदल्या दिवशीच्या म्युनिकच्या पेपरात बातमी होती की पाच हजार माणसं मावतील अशी छावणी उघडतोय. मला दर वेळी ह्या बातमीपाशी थांबायला होतं. लोकांनी चहा-कॉफी घेताना ती वाचली असणार. सुरुवातीला आत गेले ते हिटलरचे राजकीय विरोधक, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, मग पाद्री, ज्यू, रोमा (जिप्सी), समलिंगी, पुढे सगळ्या युरोपातून आणलेले कैदी. बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं, त्यातली निदान ४१,५०० मेली. कैद्यांच्या बराकी आता नाहीत, दोन नव्याने बांधून दाखवल्यात, बाकीच्यांचे नुसते चौथरे, एकामागून एक, आणि मधून जाणारा सरळ रस्ता. तो रस्ता चालायला जो वेळ लागतो त्या वेळात कोणी काही बोलत नाही, मी तरी अजून कोणाला बोलताना बघितलेलं नाही.

माझी आई बडोद्याची. ती आली तेव्हा मी तिला न्यायला कचरत होते, पण तीच म्हणाली चल. रस्त्याच्या शेवटी, प्रेतं जाळायच्या भट्ट्या आहेत त्या भागात, चार बायकांच्या नावांची एक पाटी आहे. त्यात नूर इनायत खान हे नाव. ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर, १९४३ च्या जूनमध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, काही महिन्यांतच पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला तिला इथे गोळी घातली, वय तीस. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे, आणि त्यांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढणारे ते मौलाबक्ष. आईची आत्या त्याच शाळेत, पुढे त्याचं म्युझिक कॉलेज झालं तिथे, गाणं शिकलेली. आई त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "अगं, आपल्या मौलाबक्षांच्या घरातली पोर." एवढंच. बसमध्ये बसेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

डाखाऊ बघून आलेल्या माणसाला मग ओबरझाल्त्सबर्गला खुशाल न्यावं, तो डोंगर वेगळाच दिसतो. तेच बर्फ, तीच गच्ची, पण माणूस आपणहून विचारायला लागतो की इथे बसून हा काय काय सह्या करत होता.

आता बाकीचं भराभर सांगते. म्युनिकमधलं त्याचं घर, प्रिन्सरेगेंटेनप्लाट्स १६, तिथे आज पोलिसांचं ऑफिस आहे, आत जाता येत नाही, बाहेरून साधी जुनी बिल्डिंग. ऑस्ट्रियात ब्राउनाउला जिथे तो जन्मला त्या घराचंही पोलीस ठाणं करायचं तिथल्या सरकारने ठरवलं आणि २०२३ मध्ये काम सुरू झालं. दारासमोर माउटहाउझेन छळछावणीच्या खाणीतला एक दगड आहे, त्यावर लिहिलंय की पुन्हा कधीही फॅसिझम नको. बर्लिनला ज्या बंकरमध्ये त्याने आत्महत्या केली तिथे पार्किंग आहे आणि २००६ मध्ये लावलेला एक माहितीफलक. पाहुणे हिरमुसतात, म्हणतात एवढंच? मला ते एवढंच असणं फार योग्य वाटतं. त्या पार्किंगशेजारच्या रस्त्याला गेर्ट्रूड कोल्मार या ज्यू कवयित्रीचं नाव आहे, तिला १९४३ मध्ये आउशविट्झला पाठवून मारलं. तो रस्ता आणि पलीकडचं ज्यूंचं स्मारक, २७११ राखाडी ठोकळे, हे नक्की बघा, पार्किंगमध्ये फोटो काढत उभं राहू नका.

फोटोवरून आठवलं, हे मनापासून सांगते. न्यूरेंबर्गला जिथे त्याच्या प्रचंड सभा व्हायच्या त्या त्सेपेलिन मैदानाच्या पायऱ्यांवर माझ्या नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने गंमत म्हणून नाझी सलामासारखा हात वर केला, फोटोसाठी. मी अक्षरशः झडप घालून त्याचा हात खाली ओढला. जर्मनीत हा गुन्हा आहे, दंड होतो, तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट नसते. पण कायद्याचं सोडा, शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीच्या घरातलं कोण गेलं असेल आपल्याला काय माहीत. त्या पोराला मी तिथून थेट कोर्टरूम ६०० मध्ये नेलं, जिथे १९४५-४६ मध्ये नाझी नेत्यांवर खटले चालले, आणि सगळं वाचून होईपर्यंत बाहेर काढलं नाही. स्वस्तिकाचंही विचारतात. मनाई नाझी चिन्हाला आहे, आपल्या देवघरातल्या स्वस्तिकाला नाही. तरी उंबऱ्याबाहेर मी कमळ काढते, कारण समोरच्या आजींना ते चिन्ह बघून काय होतं ते मी एकदा बघितलंय, आणि माझी दिवाळी कमळानेही होते.

मला स्वतःला दाखवायला आवडतात त्या म्युनिकमधल्या दोन जागा कोणी विचारतच नाही. एक म्हणजे चौकातल्या फेल्डहेर्नहाले या कमानीदार वास्तूच्या मागची गल्ली. १९२३ च्या नोव्हेंबरात हिटलरचा उठाव त्या चौकात फसला, चार पोलीस मेले. सत्ता आल्यावर त्याने तिथे आपल्या मेलेल्या माणसांचं स्मारक केलं, पहारा बसवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने हात वर करून सलाम करायचा असा दंडक. ज्यांना करायचा नसायचा ते अलीकडच्या छोट्या व्हिस्कार्डीगास्से गल्लीत वळायचे. आज त्या गल्लीच्या फरसबंदीत ब्राँझच्या दगडांची एक नागमोडी रेघ आहे. शेकडो लोक तिच्यावरून चालतात आणि कळतही नाही. मी पाहुण्यांना काही न सांगता त्या रेघेवरून चालायला लावते आणि गल्ली संपली की मग सांगते.

दुसरी जागा गेऑर्ग एल्झरची. सुतार माणूस, ना पक्षाचा नेता ना कोणाचा हस्तक. हिटलर दर ८ नोव्हेंबरला ज्या बिअर हॉलमध्ये भाषण करायचा तिथे १९३९ मध्ये हा तीसेक रात्री लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब आतून कोरून त्यात बॉम्ब ठेवला, घड्याळ लावून, रात्री ९:२० चं. धुक्यामुळे विमान रद्द, ट्रेन गाठायची म्हणून हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला. आठ माणसं गेली, तो वाचला. एल्झरला त्याच संध्याकाळी स्विस सीमेवर पकडलं होतं, आणि ९ एप्रिल १९४५ ला डाखाऊमध्ये मारलं, अमेरिकन सैनिक छावणीत पोचायच्या वीस दिवस आधी.

तो म्युनिकमध्ये जिथे खोली घेऊन राहिला त्या ट्युर्केन श्ट्रासेवर एका शाळेच्या भिंतीवर दिव्याच्या नळ्या लावल्यात. दिवसा बघितलं तर काहीच लक्षात येत नाही. रोज रात्री बरोबर ९:२० ला त्या पेटतात, ८ नोव्हेंबर १९३९ ही तारीख दिसते, आणि एका मिनिटाने विझतात. काका दोन वर्षांपूर्वी एकटे आले होते, काकू गेल्यानंतर. ह्या वेळी दिवसा डाखाऊ केलं आणि रात्री त्यांना तिथे घेऊन गेले. नऊ वाजून अठरा मिनिटांपासून काका हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. दिवे लागले, विझले. "तेरा मिनिटं गं," म्हणाले, आणि ट्रॅमच्या स्टॉपकडे चालायला लागले.