सॅशची पिन कोणत्या खांद्याला?

जळगावात आम्ही कॉलेजच्या पोरापोरींनी स्तनाच्या कॅन्सरवरील संशोधनाला निधी म्हणून सौंदर्यस्पर्धा घेतली. शेवटची फेरी उपचार पूर्ण केलेल्या सहा जणींची. सकाळी मेकअप रूममध्ये सॅशला, म्हणजे अंगावरून तिरक्या जाणाऱ्या नावाच्या पट्टीला, पिना लावायला घेतल्या आणि एका काकूंनी उजवा खांदा मागे घेतला. "पोरी, इकडे पिन नको. ह्या हाताला मी घट्ट बांगडीसुद्धा घालत नाही."

ह्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की त्या बाजूचा लसिकेचा, म्हणजे शरीरातल्या पातळ द्रवाचा, निचरा मंदावू शकतो, हात सुजू शकतो. टोचलं, चिरलं की जंतुसंसर्गाला वाट. शिवाय काखेपासून दंडाच्या आतपर्यंत बधिरपणा राहू शकतो. मग पिन रुतली तरी पटकन कळत नाही.

सॅश उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला उतरते. चौघींचं ऑपरेशन उजवीकडचं, म्हणून त्यांची सॅश उलट्या बाजूने घातली. अक्षरं खालून वर चढतात, पण वाचता येतात. उरलेल्या दोघींचं ऑपरेशन डावीकडचं, आणि साडीचा पदर डाव्याच खांद्यावर! तिथे पिनेऐवजी टिचबटणं: एक भाग ब्लाउजला, दुसरा पदराच्या निऱ्यांना, दोन्ही साडी नेसण्याआधीच शिवलेले. रंगीत तालमीत जरीच्या पदराच्या वजनाने एकुलतं एक बटण सुटलं. मग दोन बोटांच्या अंतरावर दुसरं लावलं. कॉलर माइक रद्द, हातातला माइक चांगल्या हातात. दोन किलोची पितळी ट्रॉफी टेबलावरच ठेवली, हातात दिलं ते नुसतं प्रमाणपत्र. रॅम्पच्या फळ्यांचे सांधे कार्पेटखाली टेपने बंद केले. टाच अडकते ती तिथेच.

गेटवर एक व्यापारी अडून बसले, "पेशंटला द्या ना, संशोधनाला कशाला?" प्रश्न रास्तच होता. त्यांना टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत झालेला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला. ऑपरेशनच्या जरा आधी कॅन्सरच्या गाठीभोवती भुलीचं साधं लिडोकेन टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इंजेक्शन स्वस्तातलं, पण सुमारे १,६०० बायकांवर पडताळून वर्षानुवर्षं नोंदी ठेवायला पैसा लागतोच. त्यांनी पाच हजारांची रोकड काढली. आम्ही चेक मागितला, कारण दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही. पासाचे पैसे आणि देणगी यांची पावतीपुस्तकंही वेगळी ठेवली होती.

रात्री पिना मोजल्या. दिलेल्या ६०, परत आलेल्या ५८. राहिलेल्या दोन कार्पेट गुंडाळताना सापडल्या.