ग्रीसमधलं मराठी आणि दिव्याचा दगड

ग्रीसच्या पारोस बेटावर मराठी नावाची एक वाडी आहे, माहितीये? ते लोक म्हणतात माराथी, आपल्या भाषेशी नात्याचं काही नाही, पण पाटी वाचली आणि बाबा म्हणाले गाडी थांबव. बाबांनी आयुष्यभर फरशा बसवल्यात, आणि पारोसचा जगप्रसिद्ध संगमरवर निघायचा तो नेमका याच मराठीतून, त्यामुळे थांबणं भागच होतं.

थोडं चाललं की एकोणिसाव्या शतकातल्या खाण कंपनीच्या पडक्या इमारती लागतात, आणि मग डोंगराच्या पोटात तिरकं उतरणारं भुयार. संगमरवर सहसा उघड्या खाणीतून काढतात, इथे भुयार का? तर सगळ्यात पांढरा थर जाडीला जेमतेम काही मीटर आणि तो तिरका डोंगरात शिरलेला, मग त्याच्या मागे मागे माणसं आत गेली, हातात तेलाचे दिवे घेऊन. ग्रीकमध्ये दिव्याला लिख्नोस म्हणतात म्हणून हा दगड लिख्नायटिस, हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. किती गुलामांचे हात त्या अंधारात झिजले असतील, भिंतीवरचे छिन्नीचे घाव बघून गलबलून येतं.

मूळचा हा समुद्रातला चुनखडक, जमिनीत खोल गाडला गेला, उष्णता आणि दाबाने त्यातलं कॅल्साइट हे खनिज नव्याने स्फटिक होऊन बसलं. एका सुट्या तुकड्याकडे बोट दाखवत बाबा म्हणाले, "दाणा बघ, खडीसाखर मोडल्यासारखा." मग त्यांनी त्याच्या पातळ कडेमागे मोबाईलचा टॉर्च धरला आणि कड आतून उजळली, कानाच्या पाळीमागे उजेड धरल्यावर दिसते ना तशीच, फक्त दुधाळ. उजेड दगडात थोडा आत शिरतो, स्फटिकांवर विखुरतो आणि परत बाहेर येतो, म्हणून या दगडाची मूर्ती कातडीसारखी जिवंत वाटते. १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडलेली व्हीनस देवीची मूर्ती, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे ती, पारोसच्याच दगडाची.

(शेजारचं नॅक्सोस बेटही संगमरवराचंच, तिथे अपोलोनासच्या जुन्या खाणीत दहा मीटरहून लांब अर्धवट पुतळा अडीच हजार वर्षांपासून आडवा पडलाय, वेळ असेल तर तोही बघाच.)

भुयाराच्या तोंडाशी खडकातच जलदेवतांचं शिल्प कोरलंय, अदामास नावाच्या माणसाने वाहिलेलं. बरंच झिजलंय, चेहरे ओळखू येत नाहीत. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ तिथेच उभे होते, मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "थांब जरा, हत्यार कसं धरलं असेल ते बघतोय."