अक्कांच्या दारावरची कोरफड

मे संपता संपता नाशिकहून परत आले आणि बॅग दारातच ठेवून आधी गच्चीवर गेले. लेकीच्या बाळंतपणासाठी मार्चच्या मध्यात गेले होते. म्हणजे सोलापूरचा अख्खा उन्हाळा मी चुकवला आणि माझ्या बावीस कुंड्यांनी तो एकट्यानं काढला, अशा समजुतीत मी जिना चढत होते. एकट्यानं काढला असता तर बरं झालं असतं.

कोपऱ्यातलं जेड, गुबगुबीत पानांचं झाड, आठ वर्षांचं. चार पानांची फांदी लावली होती, आता मनगटाएवढं खोड झालं होतं. ते चिमटीत धरलं तर पिकल्या केळ्यासारखं आत गेलं. सालीखालून तपकिरी पाणी आलं, आठवडाभर न बदललेल्या फुलदाणीचा वास घेऊन. स्नेक प्लांटचं पान धरून कुंडी सरकवायला गेले तर पान हातात आणि मुळं कुंडीत. कोरफडीची पानं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लोळलेली. वर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि कुंडीतली माती मात्र ओली गच्च. खालच्या परळांत तर पाणी साचून डासांची अंडी.

किल्ली शेजारच्या अक्कांकडे होती. जाताना मी त्यांना बजावून सांगितलं होतं, पंधरा दिवसांतून एकदा, तांब्याभर, बास. अक्कांनी मान हलवली होती. पण सत्तरीच्या बाईला झाडाला पंधरा दिवस पाणी न घालणं म्हणजे काय वाटत असेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जुळे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी येणार त्या दिवशी गल्लीत लग्नघर असल्यासारखी धावपळ असते. बॅरल, हंडे, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवतात. त्या भरलेल्या पाण्यातून अक्कांनी दिवसाआड दोन बादल्या काढल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर नेल्या आणि माझ्या झाडांना घातल्या. अडीच महिने. स्वतःच्या घरी त्यांनी त्या काळात कपडे धुवायचं पाणी फरशीला वापरलं असणार.

"एवढं पाणी घातलं, तरी कशी गेली गं?" त्या पायरीवर बसून विचारत होत्या. "तू म्हटलीस तांब्याभर, पण एवढ्या उन्हात तांब्यानं काय होतंय? मी आपली भरपूर घालायली होते की."

"उन्हानं गेली, अक्का," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग वाचलं कोण? जिथं अक्का पोचल्या नाहीत, ते. छज्जावरचा गोल निवडुंग, कारण त्या काट्यांना घाबरतात. कठड्याच्या भेगेत आपोआप उगवलेला चिनी गुलाब, तो तर दहाच्या उन्हात गुलाबी फुलं उघडून बसला होता. आणि पाण्याच्या टाकीमागं जेडची एक तुटकी फांदी. वाऱ्यानं पडली असावी. टाकीची थोडी सावली सोडली तर खाली नुसतं सिमेंट. पानं आजीच्या गालासारखी सुरकुतलेली, पण खालच्या पेऱ्यातून धाग्याएवढी गुलाबी मुळं निघून हवेतच काहीतरी शोधत होती. मी तिथंच मांडी घालून बसले. मोठं झाड मेल्याचं दुःख होतंच, पण त्या फांदीचा मला जरा रागच आला. अगं, तुला ना माती, ना पाणी, ना माणूस, आणि तूच तेवढी जगलीस?

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. निवृत्त होताना पीएच पेपरची, म्हणजे रंग बदलून आंबटपणा दाखवणाऱ्या कागदांची, एक अर्धी संपलेली पुस्तिका माझ्या पर्समध्ये आली. कशी आली ते विचारू नका. ती या जूनमध्ये कामाला आली. खालच्या अंगणात भिंतीच्या सावलीला पानफुटी आहे. शाळेत असताना तिचं पान आपण वहीत दाबून ठेवायचो आणि आठ-पंधरा दिवसांनी कडेच्या खाचांतून पिल्लं निघालेली बघायचो, तीच. सकाळी सहाला तिचं एक पान चुरडून रस कागदावर घासला, कागद नारिंगी झाला, म्हणजे आंबट. संध्याकाळी पाचला त्याच रोपाचं दुसरं पान घेतलं, कागद पिवळ्यावर थांबला, म्हणजे आंबटपणा कमी. म्हणजे रात्रभरात पान आंबट होतं आणि दिवसभरात तो आंबटपणा खर्च करून टाकतं.

खर्च कशावर करतं, ते सांगते. बाकीची झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच उघड्या दारातून त्यांचं पाणी उडून जातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर भसाभसा. ही गुबगुबीत पानांची मंडळी दिवसा दारं लावून बसतात. रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्ल करून साठवतात. सफरचंदात असतं तेच आम्ल. उजाडलं की दारं बंद, आणि साठवलेल्या आम्लातून तो वायू परत मोकळा करून आतल्या आत स्वयंपाक. उन्हाळ्यात आपण दुपारी खिडक्यांवर ओली चादर टाकून अंधारात बसतो आणि रात्री गच्चीवर येतो, त्यातलाच प्रकार.

हे कागद न वापरताही कळतं बरं का. मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या डॉक्टरनं पानफुटीचं पान नुसतं चावून ओळखलं होतं. १८१३ च्या एका पत्रात त्यानं लिहिलंय की पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट. मीही जिभेच्या टोकावर लावून पाहिलं. आंबटचुक्याची आठवण खरंच येते. खाऊ मात्र नका, जनावरांना ही बाधते.

आमच्याकडे कडक भाकरी महिनोन् महिने टिकते, कारण तिच्यातलं पाणी काढून टाकलेलं असतं. ही झाडं बरोबर उलटं करतात, पाणी आत कोंडून घेतात. म्हणून त्यांना बाहेरचं पाणी सारखं नको असतं. मुळं सारखी ओलीत राहिली की त्यांना हवा मिळत नाही, मग बुरशी शिरते आणि कूज खालून वर चढते. रात्रीही उकडत असेल तर आणखी लवकर.

आणि सगळा दोष अक्कांच्या बादल्यांवर टाकून मला चालणार नाही. कुंड्यांत मी शेतातली काळीभोर माती भरली होती, वर शेणखत. ज्वारीला ती सोनं आहे, पण पाणी धरून ठेवते आठवडाभर. जेडला ती चिखलाची कबर झाली. आता मी अर्धा मुरूम घेते, चाळून, बारीक खडे तसेच ठेवून. त्यात थोडी जाड वाळू, फुटक्या विटांचा चुरा आणि मूठभर ती काळी माती, आठवणीपुरती. परळ सगळे काढून टाकले, त्यांत चिमण्यांना पाणी ठेवते. कुंडीला पाणी कधी, तर पान बोटांत जरा मऊ, सुरकुतलेलं लागलं की. उन्हाळ्यात दहा-बारा दिवस सहज जातात.

तरी चिवट म्हणून काहीही चालतं असं नाही. गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या त्या निळसर एचेव्हेरिया मी दोनदा आणल्या, एकेक दीडशे रुपयांची. मूळच्या मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, त्यांना रात्री गारवा लागतो. आपल्या मेमधल्या रात्री त्यांना नाही झेपत. दुसऱ्या खेपेला मी जुनी सोलापुरी चादर दोरीवर टाकून सावली केली, तरी पानं एकेक करून गळाली. जेडलासुद्धा दुपारचं थेट ऊन दिलं तर पानांवर तपकिरी डाग पडतात. पण घोळ बघा. उपटून फरशीवर टाकलेली घोळ तीन दिवसांनी मला पिवळी फुलं दाखवत होती. फुलं बघितली आणि डाळ घालून तिची भाजी केली. कौतुक एका जागी, जेवण एका जागी.

राहिली अक्कांची गोष्ट. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक कोरफड उलटी टांगलेली आहे, मुळं वर, पानं खाली, काळ्या दोऱ्यानं बांधलेली. दृष्ट लागू नये म्हणून. दोन दिवाळ्या झाल्या तिला. माती नाही, पाण्याचा थेंब नाही. पानं बारीक झालीत, कडा लालसर, पण मधून नवी कोवळी पानं निघतात आणि वळून वर आभाळाकडे जातात. या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, तिला फुलांचा दांडासुद्धा आला होता, तोही इंग्रजी यू सारखा वळलेला.

"हिला नाही का पाणी घातलंत कधी?" मी विचारलं.

"हिला कशाला?" अक्का म्हणाल्या. "ते काय झाड आहे व्हय?"

टाकीमागच्या त्या फांदीचे मी तीन तुकडे केले. एक अक्कांसाठी काढला आणि म्हणाले, हा आठ दिवस सावलीत राहू दे, तुटलेली जागा सुकली की मी मुरूम भरून कुंडी आणून देते. कुंडी आणायचं राहूनच गेलं. काल त्यांच्या दारात गेले तर तो तुकडा कोरफडीच्या शेजारी काळ्या दोऱ्यानं बांधलेला होता. त्याला पाच आठवडे झालेत. खालच्या टोकाला दोन मुळं आलीत.