एका चेंडूची दोन नावं

माझं काम थोडक्यात सांगायचं तर व्हिडिओ बघून फॉर्म भरणं. याचे पैसे मिळतात का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मिळतात. रात्रपाळी पुण्यात, सामने अमेरिकेतले. त्यांच्या फुटबॉलचे जुने सामने आमच्याकडे येतात आणि आम्ही लॉगिंग करतो: प्ले कुठल्या फ्रेमला सुरू झाला, कुठे संपला, कितवा डाउन (चेंडू पुढे नेण्याचा कितवा प्रयत्न), चेंडू कुणाकडे, किती यार्ड. नवीन मुलं चेंडू शोधत बसतात. जुनी माणसं सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, कोपराकडे बघतात, कारण तो चेंडू देणं, म्हणजे स्नॅप, आधी तिथे कळतो.

जुन्या टेपांत खरी डोकेदुखी टाइमकोडची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या आकड्याची. अमेरिकन प्रक्षेपण सेकंदाला २९.९७ फ्रेमचं. आकडे मात्र तीसच्या हिशेबाने मोजले जातात, म्हणून दर मिनिटाला दोन आकडे गाळायचे आणि प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. याला ड्रॉप-फ्रेम म्हणतात. हे न बघता शीट भरली की तासाभराच्या टेपमागे १०८ फ्रेमची तफावत, म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त. आमचं काम तपासणाऱ्या क्यूसीवाल्यांना हे समजावून समजावून मी थकले. त्यांना स्पेलिंग सापडतं, तफावत सापडत नाही.

तर त्या रात्री माझ्याकडे १९ नोव्हेंबर १९७८चा सामना आला. न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सचं जायंट्स स्टेडियम, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. जायंट्स १७-१२ने पुढे, चेंडू त्यांच्याकडे, ईगल्सकडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नाही. घड्याळात ३१ सेकंद. आजचा क्वार्टरबॅक, म्हणजे स्नॅप घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू, इथे गुडघा टेकतो, घड्याळ पळतं, सामना संपतो. तेव्हा ती रीत पक्की झाली नव्हती आणि अनेकांना ती भित्री वाटायची. बाजूच्या लाइनवरून हँडऑफचा, म्हणजे चेंडू सोबत्याच्या हातात द्यायचा, प्ले आला. जायंट्सचा क्वार्टरबॅक जो पिसार्सिकने चेंडू लॅरी झाँकाकडे द्यायला हात पुढे केला, चेंडू झाँकाच्या कमरेला लागून खाली पडला, पिसार्सिक त्यावर झेपावला आणि हुकला. ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने एका टप्प्यात तो उचलला आणि २६ यार्ड पळत, शेवटच्या रेषेपार जाऊन, टचडाउन केला. १९-१७. दुसऱ्या दिवशी जायंट्सचे आक्रमणाचे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांची नोकरी गेली.

लॉगिंगला हा प्ले सोपा. अडलं ते 'नाव' या रकान्यात. क्लायंटच्या सिस्टीममध्ये प्रसिद्ध प्लेंसाठी एक मुख्य नाव असतं, जे पडद्यावर दिसतं. बाकीची नावं सर्चसाठी खालच्या पेटीत जातात, ती प्रेक्षकाला कधी दिसत नाहीत. आमच्या सूचनापत्रात लिहिलंय, 'सर्वाधिक प्रचलित नाव वापरावं'. मी 'मिरॅकल ॲट द मेडोलँड्स' लिहिलं, खाली 'द फंबल' (फंबल म्हणजे हातातून चेंडू निसटणं) टाकलं आणि पुढे गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघते तर त्या कामाच्या ऑनलाइन तिकिटावर कॉमेंटची रांग. क्लायंटकडे तपासणारे दोघे, एक फिलाडेल्फियाचा, एक जर्सीचा. एरवी दोघांचं मिळून दिवसाला एक 'ओके' येतं. जर्सीवाल्याचं म्हणणं, आमच्या घरात या प्लेला कुणी मिरॅकल म्हटलेलं नाही, 'द फंबल' हेच नाव, आणि घडलंही तेच. फिलीवाल्याचं म्हणणं, फंबल दर रविवारी डझनांनी होतात, तो शब्द एका प्लेचं नाव कसा होईल? जर्सीवाला: चमत्कार कसला, आमच्या लोकांनी चेंडू ताटात वाढून दिला. फिलीवाला: पण तो उचलून पळणारा माणूस आमचा होता.

आमचे टीएल (टीम लीडर) सर आले, वाचलं, म्हणाले, "स्लॅश देऊन दोन्ही टाक आणि तिकीट बंद कर." त्या रकान्यात स्लॅश चालत नाही हे सरांना माहीत नसावं, कारण त्यांनी तो रकाना कधी भरलेला नाही.

मी क्लिप पुन्हा उघडली, आणि मला खरा घोळ नावाच्या आधीच दिसला. इन-पॉइंट, म्हणजे क्लिपची सुरुवात, कुठे ठेवायचा? तिसऱ्या डाउनच्या स्नॅपवर ठेवला तर दहा-बारा सेकंदांत एक चेंडू निसटतो आणि एक माणूस अशक्य वाटणारी धाव घेतो. बघणारा 'मिरॅकल'च म्हणेल. दोन डाउन मागे गेलं की गोष्ट बदलते. पहिल्या डाउनला पिसार्सिक खाली बसलाच होता, पण ईगल्सचा बिल बर्गी सेंटरवर आदळला, सेंटर मागे पिसार्सिकवर गेला आणि धक्काबुक्की झाली. दुसऱ्या डाउनला झाँका ११ यार्ड पळाला. मग तिसरा डाउन, दोन यार्ड हवे, आणि तोच हँडऑफ पुन्हा. एवढं बघितल्यावर चमत्कार उरत नाही, एक टाळता येण्यासारखा निर्णय उरतो. म्हणजे आम्ही कुठे कापतो त्यावर नाव ठरतं, आणि ते कापायचं काम माझ्याकडे.

हे मी तिकिटावर लिहिलं. फिलीवाल्याने अंगठा दिला. जर्सीवाल्याने लिहिलं, मग क्लिप लांब ठेवा. रास्त होतं, पण सूचनापत्रात प्रत्येक प्ले स्नॅपपासूनच सुरू होतो.

शेजारचा समीर हे सगळं मागून वाचत होता. म्हणाला, "ताई, पण आपण तर शारजाला मियांदादचा षटकार म्हणतो. हरलो आपण, नाव त्याचं." १८ एप्रिल १९८६, शेवटच्या चेंडूवर चार हवे, चेतन शर्माचा फुलटॉस. खरंच की. मी म्हटलं, माझे बाबा अजून 'चेतन शर्माचा तो चेंडू' असंच म्हणतात, आणि षटकार हा शब्द तोंडातून काढत नाहीत. समीर म्हणाला, मग तुमचे बाबा जर्सीचे. त्यावर आमच्या रांगेत जी चर्चा पेटली तिच्यात त्या रात्रीचा कोटा गेला. हरणारा स्वतःच्या माणसाला दोष देतो तेव्हा जिंकणाऱ्याचं श्रेय सहज पुसून टाकतो, असं समीरचं मत. मला ते अर्धंच पटलं. एडवर्ड्सच्या जागी दुसरा कुणी असता तर तो चेंडूवर आडवा पडला असता, एवढं श्रेय त्याचं आहेच. पण गिब्सनची नोकरी काही एडवर्ड्समुळे गेली नाही.

शेवटी वरून निर्णय आला: 'मिरॅकल', कारण सर्चमध्ये लोक तेच टाइप करतात. प्लेच्या प्रकारात 'फंबल रिटर्न टचडाउन' आहेच, असं कुणीतरी जर्सीवाल्याला समजावलं. त्याचं उत्तर मला आवडलं: तो रकाना आकडेवारीसाठी आहे, नाव माणसांसाठी.

प्रकरण मिटलं असं वाटलं होतं. मग १९ डिसेंबर २०१०ची टेप आली. तेच दोन संघ, शेजारीच बांधलेलं नवं स्टेडियम. जायंट्स चौथ्या क्वार्टरमध्ये ३१-१०ने पुढे, तरी ईगल्स ३८-३१ने जिंकले, शेवटच्या क्षणी डीशॉन जॅक्सनच्या ६५ यार्डांच्या पंट रिटर्नवर, म्हणजे समोरच्यांनी लाथेने मारलेला चेंडू पकडून उलट पळण्यावर. मी 'मिरॅकल' लिहून पुढे 'दोन' टाकलं. फिलीवाल्याने लगेच मंजूर केलं. जर्सीवाल्याने परत पाठवलं. दोन नव्हे, तीन. ऑक्टोबर २००३मध्ये ब्रायन वेस्टब्रुकने त्याच जायंट्स स्टेडियममध्ये ८४ यार्ड पंट रिटर्न केला होता, ईगल्स १४-१०ने जिंकले होते, तो कोण मोजणार? फिलीवाल्याला तो आठवत होता, पण त्याच्या मते ती नुसती चांगली धाव होती.

तिकीट अजून होल्डवर आहे. 'मिरॅकल' या शब्दाला जर्सीवाल्याने या वेळी एकदाही हरकत घेतलेली नाही.