कॅमकॉर्डरच्या फाइल संपादनासाठी रूपांतरित करताना दर्जा कसा टिकवावा

कॅमकॉर्डरवरचे चित्रीकरण संपादनासाठी रूपांतरित करायचे ठरले, की चर्चा सहसा सॉफ्टवेअरच्या निवडीपासून सुरू होते. माझ्या मते त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला हवे, ते म्हणजे या फाइलमधले नेमके काय बदलण्याची गरज आहे. हा प्रश्न न विचारता केलेल्या रूपांतरातच चित्राचा दर्जा सर्वाधिक खालावतो, आणि एकदा गेलेला तपशील नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमकॉर्डरमधून एमटीएस फाइल मिळतात. एमटीएस हे केवळ बाहेरचे वेष्टन आहे. आतले चित्र एच.२६४ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र संकुचित करून साठवण्याच्या पद्धतीत, आणि आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो. संपादनाचे सॉफ्टवेअर फाइल उघडत नाही, तेव्हा अनेकदा त्याची हरकत आतल्या चित्राला नसून वेष्टनाला असते. अशा वेळी एफएफएमपेगसारख्या साधनाने चित्राचा प्रवाह जसाच्या तसा एमओव्ही किंवा एमपी४ वेष्टनात ठेवता येतो. यात एकही फ्रेम नव्याने संकुचित होत नाही, त्यामुळे दर्जात तसूभरही फरक पडत नाही, आणि फाइलची प्रत काढायला लागतो जवळपास तेवढाच वेळ लागतो. आवाज उमटत नसेल, तर फक्त आवाजाचे पीसीएममध्ये, म्हणजे असंकुचित स्वरूपात, रूपांतर करावे आणि चित्राला हात लावू नये.

फाइल उघडते, पण टाइमलाइनवर, म्हणजे संपादनाच्या पट्टीवर, अडखळत चालते, ही अडचण मात्र वेगळी आहे. एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बहुतेक फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमच्या तुलनेत झालेला बदल तेवढा नोंदवलेला असतो, म्हणून मधलीच एखादी फ्रेम दाखवायची तर संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळा हिशेब करत यावे लागते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणारा कोडेक, उदाहरणार्थ ॲपलचा प्रोरेस किंवा ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी. सेकंदाला २४ मेगाबिट बिटरेटचे मूळ चित्रीकरण तासाला सुमारे ११ गिगाबाइट जागा घेते, तर सेकंदाला २५ फ्रेमचे तेच चित्रीकरण प्रोरेस ४२२ मध्ये सुमारे ५५ गिगाबाइट होते. हा आकडा पाहून दचकून कमी बिटरेटच्या एमपी४ कडे वळणे मला अजिबात पटत नाही. या वाढीव जागेमुळे चित्रात नवा तपशील येत नाही हे खरे, परंतु दुसऱ्यांदा होणाऱ्या संकोचनाची झळ डोळ्यांना जाणवू नये, एवढ्यासाठीच ती मोजायची असते. डिस्कवर तेवढी जागा नसेल, तर संपादनापुरत्या हलक्या प्रॉक्सी फाइल बनवून अंतिम फाइल मूळ चित्रीकरणावरून काढणे अधिक सुरक्षित आहे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मी इंटरलेस्ड चित्रीकरणात होताना पाहतो, आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली. अशा चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, बनलेली असते. १०८०आय५० या प्रकारात सेकंदाला ५० फील्ड असतात, प्रत्येकात ५४० ओळी असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणी टिपलेले असते. हात हलवणाऱ्या माणसाची फ्रेम थांबवून पाहिली, तर बोटांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हा चित्रातला दोष नाही. दोन वेगळे क्षण एकाच फ्रेममध्ये शेजारी दिसत आहेत, इतकेच. या रेघा घालवण्यासाठी रूपांतराचे साधन एक फील्ड टाकून देत असेल, तर उभा तपशील आणि हालचालीची सहजता दोन्ही निम्म्यावर येतात; दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळत असेल, तर बोटांमागे भुतासारखी सावली राहते. त्याहून वाईट म्हणजे इंटरलेस्ड चित्र प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच क्षणी पूर्ण टिपलेले, समजून त्याचा आकार लहान करणे, कारण त्यात दोन क्षणांच्या ओळी कायमच्या एकमेकींत कालवल्या जातात. म्हणून संपादनासाठीचे रूपांतर इंटरलेस्डच ठेवावे आणि फील्डचा क्रम तपासावा: एचडीमध्ये तो वरच्या फील्डपासून सुरू होतो, तर जुन्या डीव्ही टेपवरच्या चित्रीकरणात खालच्या. डीइंटरलेसिंग, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याचे काम, अगदी शेवटी, चांगल्या फिल्टरने आणि सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळतील अशा रीतीने करावे.

उजळ भागांकडेही लक्ष द्यावे. अनेक कॅमकॉर्डर ० ते २५५ च्या मोजपट्टीवर पांढऱ्याची नेहमीची २३५ ही पातळी ओलांडून २५५ पर्यंत नोंद करतात. वाटेत चित्र आरजीबी या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत जाऊन परत आले, तर ढगांमधला किंवा पांढऱ्या कापडाच्या चुण्यांमधला हा वरचा तपशील कापला जाऊन तिथे सपाट पांढरा डाग उरतो. हे तपासायला वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजळपणाची पातळी दाखवणारा आलेख, उघडून मूळ फाइल आणि रूपांतरित फाइल यांची एकच फ्रेम शेजारी ठेवणे पुरते.

आता तुकड्यांविषयी. कार्डावरच्या फॅट३२ रचनेत एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असल्याने सलग चित्रीकरण अनेक फाइलमध्ये विभागले जाते. डॉल्बी डिजिटलमधल्या आवाजाचा एक खंड ३२ मिलिसेकंदांचा, तर सेकंदाला २५ च्या गतीने चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. त्यामुळे दोघांच्या सीमा क्वचितच जुळतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळा रूपांतरित केल्यास जोडावर आवाज तुटण्याची शक्यता राहते. तुकडे आधी जोडावेत, मगच रूपांतर करावे. कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरला जोडणीसाठी कार्डावरची पूर्ण फोल्डर-रचना लागते, म्हणून कार्डावरून एकटदुकट एमटीएस फाइल न उचलता संपूर्ण कार्डाची प्रत काढावी आणि काम संपल्यावर प्रोरेसच्या फाइल पुसल्या, तरी ती प्रत जपून ठेवावी.